नाव तेच, तरी यादीत सापडत नाही : देवनागरी संगणकात कशी राहते?

(हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला सोपा आहे, कारण निम्मी उदाहरणं डोळ्यांनी बघायची आहेत. बोलताना जी अक्षरं हवेत काढून दाखवावी लागली, ती इथे लिहून दिली आहेत. बाकी मजकूर बोलला तसाच, थोडा नीटनेटका केलेला.)



आज एका आडनावापासून सुरुवात करू. कऱ्हाडे. आपल्याकडे अगदी नेहमीचं आडनाव.

समजा, एका पतसंस्थेत कऱ्हाडे नावाच्या आजी ठेवीची पावती घेऊन येतात. काउंटरवरचा मुलगा संगणकात ‘कऱ्हाडे’ टाइप करतो आणि शोध म्हणतो. उत्तर येतं, नोंद नाही. पावतीवर नाव छापलेलं आहे, ते त्याच संगणकातून छापलंय. मुलगा पुन्हा टाइप करतो, अक्षर न् अक्षर ताडून बघतो. तरीही नोंद नाही.

इथे शुद्धलेखन चुकलेलं नाही, आणि संगणक बिघडलाय असंही नाही. नोंद करणाऱ्याने ‘ऱ्ह’ एका पद्धतीने टाइप केला आणि शोधणाऱ्याने दुसऱ्या. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, आत मात्र वेगळे आहेत. हे असं का होतं ते समजून घ्यायचं, तर आपली लिपी संगणकात कशी राहते ते बघावं लागतं. आज तेच करू. प्रोग्रामिंग येत नसलं तरी चालेल, बाराखडी आली की पुरे.

आधी बाराखडी

देवनागरी ही ब्राह्मीच्या कुळातली लिपी. हिंदी, संस्कृत, नेपाळी, कोकणी, मैथिली, डोगरी, बोडो अशा बऱ्याच भाषा ती वापरतात. आपल्याकडे तिला ‘बाळबोध’ म्हणायचे, कारण रोजच्या कागदपत्रांसाठी मोडी होती आणि मुलांना शिकवायला, पोथ्या लिहायला ही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळांतून गेली आणि बाळबोधच आपली एकमेव लिपी झाली.

या लिपीची एक खासियत आपण पहिलीत शिकतो आणि मग विसरून जातो. ‘क’ म्हणजे नुसतं व्यंजन नाही. त्यात ‘अ’ आधीपासून बसलेला आहे. तो बदलायचा तर काना, वेलांटी, उकार, मात्रा लावायची. तो काढून टाकायचा तर अक्षराचा पाय मोडायचा: ‘क्’. आणि पाय मोडलेल्या अक्षरापुढे दुसरं अक्षर आलं की दोघं मिळून जोडाक्षर होतं.

म्हणजे आपल्यासाठी एक घटक कोणता? सुटं व्यंजन नाही, सुटी मात्रा तर नाहीच. घटक म्हणजे अख्खं ‘अक्षर’, व्यंजन किंवा जोडाक्षर, त्याच्या काना-मात्रेसकट.

हे माझं मत नाही, आपण रोज असंच वागतो. पु. ल. देशपांडे लिहितो, प. ल. नाही. ग. दि. माडगूळकर लिहितो आणि त्याचं ‘गदिमा’ करतो. नावाचं आद्याक्षर म्हणजे उकार-वेलांटीसकट अख्खं अक्षर. शब्दकोड्यात एका चौकटीत ‘ष्ट्र’ लिहितो, त्यासाठी तीन चौकटी मागत नाही. मोठ्या अभंगाची मोजणी सहा-सहा-सहा-चार अक्षरांची, आणि तिथेही ‘ज्ञा’ एकच धरतात. शेकडो वर्षं मराठी माणसाने मोजलंय ते अक्षर.

संगणक मात्र दुसरंच काहीतरी मोजतो.

संगणकात काय साठतं?

संगणकाला आकडे कळतात. म्हणून जगातल्या सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक द्यायची एक व्यवस्था आहे, तिचं नाव युनिकोड. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि देवनागरी तिच्यात सुरुवातीपासून आहे. देवनागरीच्या मुख्य वसाहतीत १२८ घरं आहेत. त्यात ‘क’ला एक घर, ‘ष’ला एक घर, वेलांटीला एक घर, आणि पाय मोडण्याच्या चिन्हालाही एक घर. (हे क्रमांक १६च्या पाढ्यात लिहितात. ‘क’चा ०९१५, ‘र’चा ०९३०. लक्षात ठेवायची गरज नाही, पुढे दोन-तीनदाच लागतील.)

जोडाक्षरांना मात्र घर नाही. ‘क्ष’ला नाही, ‘ज्ञ’ला नाही, ‘श्र’लाही नाही. ‘क्ष’ साठवायचा तर क, पायमोड, ष असे तीन क्रमांक एकामागून एक ठेवायचे.

पहिल्यांदा ऐकलं की हा अन्याय वाटतो. पण विचार करा, जोडाक्षरं किती होतील? दोन व्यंजनांची, तीन व्यंजनांची, प्रत्येकावर वेगळी मात्रा. प्रत्येकाला घर द्यायचं तर हजारो घरं लागतील आणि उद्या एखादा परदेशी शब्द आला की नवीन घर बांधावं लागेल. त्यापेक्षा ‘सुटे भाग ठेवा, जोडणी नंतर करा’ हा मार्ग शहाणपणाचा.

जोडणी कोण करतं? ते काम दोघं मिळून करतात, फॉन्ट आणि अक्षरं मांडणारा एक प्रोग्राम. हार्फबझ हे अशा एका प्रोग्रामचं नाव, तो अँड्रॉइडमध्ये आहे, क्रोम आणि फायरफॉक्समध्येही आहे. ‘विद्यार्थी’ हा शब्द घ्या. आत क्रम असा: व, वेलांटी, द, पायमोड, य, काना, र, पायमोड, थ, वेलांटी. आपण उच्चारतो तसाच. पण कागदावर बघा. पहिली वेलांटी ‘व’च्या आधी काढली जाते. ‘र’ बोलताना ‘थ’च्या आधी येतो, पण लिहिताना रफार होऊन ‘थी’च्या डोक्यावर जाऊन बसतो. ही सगळी उचलाउचल दर वेळी मजकूर दाखवताना होते. साठवण उच्चाराच्या क्रमाने, चित्र लिपीच्या नियमाने.

आता आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी झाल्या. एक, काय साठवलंय. दोन, काय दिसतंय. तीन, माणूस काय मोजतो. इंग्रजीत या तिन्ही गोष्टी बहुतेक वेळा एकच असतात: एक लेटर, एक क्रमांक, एक चित्र. त्यामुळे इंग्रजी डोक्यात ठेवून लिहिलेलं सॉफ्टवेअर या तिन्हींत फरकच करत नाही. आजच्या भागातली प्रत्येक भानगड तिथूनच येते.

ही व्यवस्था आली कुठून?

याचं मूळ भारतातच आहे. १९७०च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणायचं काम सुरू झालं आणि पुढे ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. त्यातून ‘इस्की’ नावाचं भारतीय मानक तयार झालं, १९९१ साली ते अधिकृत झालं. त्यातली कल्पना सुंदर होती. ब्राह्मीच्या कुळातल्या लिप्यांची वर्णमाला जवळपास एकच आहे, मग सगळ्यांना एकाच साच्यात बसवू.

युनिकोडने इस्कीचा १९८८चा आराखडा उचलला. म्हणून देवनागरीचा ‘क’ त्याच्या वसाहतीत ज्या जागेवर आहे, त्याच जागेवर बंगालीचा ‘क’ बंगालीच्या वसाहतीत आहे, गुजरातीचा गुजरातीच्या. एखाद्या मोठ्या गृहसंकुलात प्रत्येक इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तेच बिऱ्हाड असावं, तसं.

पण मानक कागदावर आलं म्हणजे घराघरात पोचलं असं नाही. विंडोज २०००मध्ये देवनागरीचा आधार आला, त्यासोबत ‘मंगल’ फॉन्ट आला, तो र. कृ. जोशी यांनी घडवलेला. (हे आद्याक्षरही बघा. ‘कृ.’, नुसता ‘क.’ नाही.) त्याआधी, आणि खरं तर त्यानंतरही कितीतरी वर्षं, टायपिंगच्या दुकानांत, छापखान्यांत, कचेऱ्यांत एक वेगळीच युक्ती चालायची.

ती युक्ती अशी. संगणकाला सांगायचं की मी इंग्रजीच टाइप करतोय. फक्त फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढून ठेवायचे. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘भारत’ टाइप केला की फाइलमध्ये साठतात एच, के, के, जे, आर ही पाच इंग्रजी लेटर्स. एच म्हणजे अर्धा भ, पहिला के म्हणजे त्याला पूर्ण करणारी उभी काठी, दुसरा के म्हणजे काना, जे म्हणजे र, आर म्हणजे त. तीच काठी दोनदा, दोन वेगळ्या अर्थांनी! हे चित्राचं साठवण झालं, भाषेचं नाही. आणि प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचा नकाशा वेगळा.

फॉन्ट आहे तोवर सगळं छान दिसतं. फाइल दुसऱ्या संगणकावर नेली, तिथे तो फॉन्ट नाही, की समोर इंग्रजी कचरा. अशा फाइलमध्ये ‘भारत’ शोधून सापडत नाही, कारण आत भारत नाहीच. कुणाचा प्रबंध, कुणाच्या वडिलांचं आत्मचरित्र, संस्थेची वीस वर्षांची इतिवृत्तं आजही अशा फाइलींत पडून आहेत. कागद वाळवीने खाल्ला तर निदान दिसतं. इथे फाइल धडधाकट असते आणि मजकूर हळूहळू वाचता येईनासा होतो.

आता कऱ्हाड्यांकडे

मराठीत ‘र’ अर्धा होताना दोन वेगळ्या तऱ्हांनी होतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, इथे रफार. ‘दऱ्या’ म्हणजे दरीचं अनेकवचन, इथे ‘य’च्या डाव्या अंगाला चिकटलेली छोटीशी वक्र रेघ. तसंच ‘आचार्यास’ म्हणजे गुरूंना आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. दक्षिणा कुणाला द्यायची आणि मिठाचा हिशोब कुणाला विचारायचा, हे त्या एका रेघेवर ठरतं! हिंदीत आणि संस्कृतात हा फरक नाही. आपल्याला आहे, कोकणीला आहे, नेपाळीलाही आहे.

आता संगणकाला कळणार कसं? र, पायमोड, य असा क्रम दिला की तो रफार काढणार, ‘र्य’. मग रेघेच्या ‘र’साठी काय द्यायचं? इथे तीन रस्ते तयार झाले.

पहिला रस्ता: ‘र’च्या शेजारच्या घरात, ०९३१ वर, ‘ऱ’ नावाचं अक्षर आहे, खाली टिंब असलेला र. ते घर मुळात द्राविडी भाषांमधला एक ‘र’ देवनागरीत लिहिता यावा म्हणून होतं. नियम असा ठरला की या ‘ऱ’चा पाय मोडला की रफार काढायचा नाही, रेघ काढायची. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर इंग्रजी जेच्या कळीवर ‘र’ आहे आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ‘ऱ’.

दुसरा रस्ता: साधा ‘र’, पायमोड, आणि मग एक अदृश्य चिन्ह, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. त्याला रुंदी नाही, आकार नाही. तो फक्त शेजाऱ्यांना सांगतो, ‘अर्धं रूप दाखवा’. जुन्या मजकुरासाठी हा रस्ता चालू ठेवलाय आणि नेपाळीत तर तो सर्रास वापरतात.

तिसरा रस्ता: साधा ‘र’, त्यापुढे सुटं टिंब म्हणजे नुक्ता, आणि मग पायमोड.

तिन्ही रस्त्यांनी ‘कऱ्हाडे’ सारखंच दिसतं. संगणक शोध घेताना मात्र चित्र बघत नाही, क्रमांक जुळवतो. आजींची नोंद पहिल्या रस्त्याने झालेली, शोध दुसऱ्या रस्त्याने. जुळणार कसे? कऱ्हाड गाव, वऱ्हाड, गोऱ्हे, कुऱ्हाडे, बिऱ्हाड, सगळ्यांची हीच कथा.

यावर ठरलेलं उत्तर म्हणजे सामान्यीकरण. एकाच गोष्टीची वेगवेगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणायची. युनिकोडमध्येच त्याची पद्धत दिलेली आहे, एनएफसी हे तिचं एक रूप. ते चालवलं की तिसरा रस्ता पहिल्यात मिसळतो, कारण ‘र अधिक नुक्ता’ आणि ‘ऱ’ हे एकच आहेत असं युनिकोड मानतं. पण दुसरा रस्ता, अदृश्य चिन्हाचा, तसाच उरतो! ते चिन्ह युनिकोडच्या दृष्टीने वेगळं आहे, एनएफसी त्याला हात लावत नाही.

इथे पुष्कळ जण म्हणतात, मग सगळी अदृश्य चिन्हं पुसून टाका. थांबा. ते चिन्ह पुसलं की उरतं र, पायमोड, ह. म्हणजे रफार. कऱ्हाडे यांचे होतात ‘कर्हाडे’, आणि दऱ्यांचा होतो दर्या. आधी निदान नाव सापडत नव्हतं, आता ते बदललं.

बरोबर क्रम असा: आधी ‘र, पायमोड, जॉइनर’ जिथे दिसेल तिथे ‘ऱ, पायमोड’ करायचं, आणि मग उरलेली अदृश्य चिन्हं काढायची. तेही फक्त शोधासाठी केलेल्या वेगळ्या प्रतीत. मूळ नाव माणसाने दिलं तसंच ठेवायचं.

हीच गोष्ट ‘ॲ’ची. ॲप, ॲसिड, ॲडव्होकेट. ‘ॲ’ला स्वतःचं घर, ०९७२, मिळालं २००८ साली. तोवर लोक ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवायचे, किंवा हिंदीच्या पद्धतीचा ‘ऍ’ वापरायचे. आजही तिन्ही चालू आहेत. अ-वर-चंद्र आणि ‘ॲ’ दिसायला एक, पण युनिकोडच्या मते वेगळे, एनएफसी इथेही मदत करत नाही. तुमच्या गावातल्या ॲडव्होकेटांची यादी करा आणि शोधून बघा, अर्धे वकील गायब झाले तर आश्चर्य वाटू देऊ नका.

मोजण्याचा घोळ

आता तिसरी गोष्ट, मोजणी. ‘ज्ञानेश्वरी’ या शब्दात अक्षरं किती? ज्ञा, ने, श्व, री. चार. संगणकात क्रमांक किती? ज, पायमोड, ञ, काना, न, मात्रा, श, पायमोड, व, र, वेलांटी. अकरा. आणि डिस्कवर जागा? आजकाल सगळीकडे चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक क्रमांकाला तीन बाइट लागतात, म्हणजे तेहतीस.

चार, अकरा, तेहतीस. एकाच शब्दाची तीन उत्तरं, तिन्ही बरोबर. प्रश्न एवढाच की फॉर्म बनवणाऱ्याच्या डोक्यात कोणतं होतं.

समजा एका फॉर्मच्या मागे, डेटाबेसमध्ये, पहिल्या नावासाठी ३० बाइटची जागा ठेवलीय. इंग्रजीत तीस लेटर्स, भरपूर. आता ज्ञानेश्वरी नावाची मुलगी आपलं नाव भरते. तेहतीस बाइट. काही प्रणाली चूक दाखवतात, ते बरं. काही गुपचूप शेपूट छाटतात. शेवटचे तीन बाइट कुठले? वेलांटीचे. उरतं काय? ‘ज्ञानेश्वर’.

मुलीचा मुलगा झाला, आणि नाव इतकं अस्सल दिसतंय की तपासणाऱ्यालाही शंका येणार नाही. इंग्रजी नाव छाटलं गेलं की अर्धवट दिसतं, कुणाच्या तरी लक्षात येतं. आपल्याकडे शेवटची वेलांटी गेली तरी पुष्कळदा एक धडधाकट शब्द उरतो. पुढे ओळखपत्र, गुणपत्रिका, बँकखातं, प्रत्येक ठिकाणी दोन नावं जुळवताना जो त्रास होतो, त्याचं मूळ कधी कधी हे असं तीन बाइटचं असतं.

दुसरा प्रकार. ‘नावात फक्त अक्षरं असावीत’ अशी तपासणी. पायथन भाषेत त्यासाठी ‘इजअल्फा’ नावाची तयार सोय आहे. तिला ‘कमल’ द्या, म्हणते बरोबर. ‘मदन’ द्या, बरोबर. ‘राम’ द्या, म्हणते चूक! कारण काना हे युनिकोडच्या वर्गीकरणात ‘अक्षर’ नाही, ‘चिन्ह’ आहे. म्हणजे या तपासणीतून ज्यांच्या नावात काना-मात्रा नाही तेवढेच पार होणार. राम नाही, सीता नाही, हनुमान तर नाहीच.

एसएमएसचंही तसंच. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजीत सात-सात बिटांची दाटीवाटी करून १६० लेटर्स बसतात. देवनागरी आली की मांडणी बदलते आणि ७० क्रमांक बसतात. क्रमांक, अक्षरं नव्हे! म्हणजे ‘ज्ञानेश्वरी’सारखे सहा शब्द आणि मधल्या पाच जागा धरल्या की एकाहत्तर झाले, दुसरा मेसेज सुरू.

चांगली बातमी अशी की ‘माणसाला एक वाटणारं अक्षर’ ही कल्पना युनिकोडमध्ये आहे. तिला ग्राफीम क्लस्टर म्हणतात. पण तिच्या नियमांत ‘क्ष’चे ‘क्’ आणि ‘ष’ असे दोन तुकडे व्हायचे. देवनागरी आणि आणखी काही लिप्यांची जोडाक्षरं एकसंध धरायचा नियम २०२३मध्ये, १५.१ या आवृत्तीत आला. म्हणजे पहिलीच्या पोराला जे माहीत आहे, ते जागतिक मानकात यायला १९९१पासून बत्तीस वर्षं लागली. जुन्या प्रणाली अजूनही ‘क्ष’ फोडतातच.

क्रम आणि रूप

हे जरा भरभर सांगतो. संगणकाला यादी लावायला सांगितली आणि भाषा सांगितली नाही, तर तो घरांच्या क्रमांकाने लावतो. युनिकोडमध्ये ‘ळ’चं घर ‘ल’च्या शेजारी, ‘व’च्या आधी आहे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’च्या नंतर, आणि शेवटी क्ष, ज्ञ. त्यामुळे संगणक लावतो कळस, कवी, कसब. मराठी क्रम कवी, कसब, कळस. वर्गाच्या हजेरीत क्षीरसागर वर्णमालेनुसार शेवटी हवा, तो कोल्हे आणि खरे यांच्या मध्ये जाऊन बसतो. हिंदी कोशांत ‘क्ष’ हा ‘क’मध्येच शोधतात, म्हणजे ‘देवनागरीचा क्रम’ अशी एक वस्तू नाहीच. क्रम भाषेचा असतो, लिपीचा नाही.

रूपाचंही तसंच. मराठीचा ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा, हिंदीचे वेगळे. महाराष्ट्र शासनाने २००९च्या निर्णयात मराठीची रूपं ठरवून दिली. युनिकोडमध्ये मात्र दोन्हींचा क्रमांक एकच, कारण अक्षर एकच आहे, वळण वेगळं. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. कोणतं दाखवायचं हे पानाच्या भाषेवरून ठरतं. मराठी वेबसाइट बनवणारा ‘भाषा: मराठी’ एवढी एक खूण लिहायला विसरला, की हिंदीचा ‘ल’ दिसतो.

मग करायचं काय?

आधी सगळ्यांसाठी. टाइप करताना युनिकोड कीबोर्डच वापरा. फोनवर तो असतोच, संगणकावर इन्स्क्रिप्ट असतो. जुन्या फॉन्टमधल्या फाइली घरात किंवा संस्थेत असतील, तर तो फॉन्ट आणि तो जुना संगणक चालू आहे तोवर त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलून देणारे प्रोग्राम मिळतात, पण प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा, म्हणून निकाल मूळ छापील प्रतीशी ताडून बघा, विशेषतः रफार आणि पहिली वेलांटी. आणि नुसती पीडीएफ जपून ठेवू नका. पीडीएफ बहुधा चित्राचा विचार करते, मजकुराचा नाही, त्यातून मराठी कॉपी केली की वेलांट्या इकडच्या तिकडे होतात. मूळ मजकुराची फाइलही ठेवा.

आता माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांसाठी.

एक. मजकूर साठवताना आणि शोधताना एनएफसी करा. त्यावर मराठीसाठी आपली एक पायरी घाला: जॉइनरचा अर्धा र आधी ‘ऱ’मध्ये, मग अदृश्य चिन्हं बाहेर, अ-वर-चंद्र आणि ‘ऍ’ यांचा ‘ॲ’. हे सगळं शोधाच्या प्रतीत, मूळ नावावर नाही.

दोन. जागेची मर्यादा बाइटमध्ये ठेवू नका. ठेवावीच लागली तर छाटू नका, स्पष्ट नकार द्या. नकार दुरुस्त होतो, छाटलेलं नाव कुणाच्या लक्षातही येत नाही.

तीन. अक्षरं मोजायची किंवा आद्याक्षर काढायचं तर ग्राफीम क्लस्टर वापरा. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी ‘इंटल सेगमेंटर’ आहे, स्विफ्टमध्ये ते मुळातच तसं आहे. तुमची आवृत्ती ‘क्ष’ एकसंध धरते का, ते आधी तपासा.

चार. नाव तपासताना अक्षरांबरोबर चिन्हांचा वर्गही चालू द्या, आणि जॉइनरलाही.

पाच. यादी लावताना भाषा सांगा. मराठीचा क्रम तयार मिळतो, फक्त मागावा लागतो.

आणि चाचणीसाठी पाच नावं कायम जवळ ठेवा: राम, कऱ्हाडे, ज्ञानेश्वरी, क्षीरसागर, त्र्यंबक. ही पाच नावं फॉर्ममधून जाऊन, डेटाबेसमध्ये राहून, शोधात सापडून, यादीत आपल्या जागी बसून, छापून जशीच्या तशी बाहेर आली, तर समजा की तुमचं सॉफ्टवेअर मराठी माणसासाठी तयार आहे.

टंकयंत्राच्या काळात लिपी यंत्रात बसत नाही म्हणून लिपीच सुधारा, जोडाक्षरं कमी करा, असे बरेच वाद आपल्याकडे झाले. तेव्हा यंत्र लोखंडाचं होतं, त्याचाही नाइलाज होता. आजचं यंत्र सांगू ते ऐकतं. ‘ऱ्ह’साठी नियम आहे, ‘ॲ’साठी घर आहे, ‘क्ष’ एक आहे हेही आता त्याला माहीत आहे. त्यामुळे उद्या कुणी म्हणालं की मराठी नावात प्रॉब्लेम येतो, तुम्ही इंग्रजीत लिहा, तर त्याला शांतपणे सांगा की नावात काही अडचण नाही. वर दिलेल्या पाच ओळींचं काम राहिलंय.

तुमच्या नावाचं संगणकाने काय केलंय, ते आम्हाला जरूर लिहून पाठवा.